ब्रोमो पर्वतावरील पहाट



रात्रीं अडीच वाजतां, ऐन गाढ झोपेंत, कोणी दार ठोठावून "चला, गाडी आली" असें म्हणालें म्हणजे गृहस्थाश्रमी मनुष्याच्या मनांत जे विचार येतात ते ध्वनिक्षेपकासमोर सांगण्याजोगे नसतात. पूर्व जावांतील चेमोरो लावांग नांवाच्या खेड्यांत, ऑगस्ट महिन्यांतील एका रात्रीं, ते सारे विचार माझ्या मनांत येऊन गेले. बाहेर मिट्ट काळोख होता, थंडी हाडांत शिरत होती, आणि दाराशीं उभी असलेली हिरवी जीपगाडी वयानें माझ्याच बरोबरीची दिसत होती. माझी थोरली बहीण, ताई, मात्र शाल, कानटोपी व हातमोजे चढवून केव्हांच तयार बसली होती. "सूर्य काय मुंबईंत उगवत नाहीं?" असें मी पुटपुटलों. "उगवतो कीं. तूं तो कधीं पाहिला आहेस?" असें तिनें विचारलें, आणि मी मुकाट्यानें बुटांच्या नाड्या बांधूं लागलों.

ब्रोमो या ज्वालामुखीवरचा सूर्योदय पाहण्यासाठीं जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक येतात. अंधारांत गाडींत बसतात, उजाडतांना छायाचित्रें घेतात आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत परतहि जातात. आपण नेमकें काय पाहिलें, याचा त्यांतील पुष्कळांना पत्ता नसतो. मीहि तसाच परत आलों असतों. तसें झालें नाहीं याचें श्रेय बव्हंशीं आमच्या सारथ्याकडे जातें. म्हणून आज ब्रोमोविषयीं बोलतांना त्या जुनाट गाडीविषयीं आणि ती हांकणाऱ्या माणसाच्या समाजाविषयींहि बोलणें मला प्राप्त आहे.

प्रथम ती जागा डोळ्यांपुढें आणूं. आपण महाराष्ट्रीय लोक खरें पाहतां ज्वालामुखीच्याच अंगाखांद्यावर वाढलेले. सह्याद्रीचा काळा कातळ हा सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहून आलेल्या आणि थरावर थर सांठून थिजलेल्या शिलारसाचा आहे. परंतु तो रस पातळ होता. तो दूरवर पसरला, आणि पसरतांना त्यानें शंकूसारखीं धुमसतीं शिखरें मागें ठेवलीं नाहींत. जावाची रीत वेगळी. त्या बेटाच्या दक्षिणेस समुद्राच्या तळाचें कवच वर्षाला सहासात सेंटीमीटर या वेगानें, म्हणजे आपलीं नखें वाढतात त्याच्या साधारण दुपटीनें, बेटाखालीं शिरत असतें. तें खोल गेलें म्हणजे त्याच्या अंगचें पाणी सुटून वरच्या तप्त खडकांत मिसळतें, आणि पाणी मिसळलेला खडक एरव्हीपेक्षां कमी उष्णतेवर वितळतो. असा जो रस तयार होतो तो चिकट असून वाफेनें व वायूंनीं भरलेला असतो. तो वाहण्याऐवजीं फुटतो. जावाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत ज्वालामुखींची जी माळ दिसते तिचें मूळ या एका गोष्टींत आहे.

सुराबाया शहराच्या दक्षिणेस, तीनचार तासांच्या मोटारप्रवासावर, तेंग्गेर नांवाचा एक विस्तीर्ण डोंगरी मुलूख आहे. तो एकच पर्वत नव्हे. एकावर एक चढलेल्या पांच जुन्या ज्वालामुखींचा तो समूह असून त्याचा आरंभ सुमारें ८ लक्ष २० हजार वर्षांपूर्वींचा मानतात. या पांचहि पर्वतांचे माथे कालांतरानें आंत कोसळले. हें कसें घडतें हें समजण्यास आपल्या स्वयंपाकघरांत जावें. टम्म फुगलेल्या पुरीला बोट लावलें कीं वाफ निघून जाते आणि वरचा पापुद्रा खालीं बसतो. कडा मात्र तशीच उभी राहते. पर्वताच्या पोटांतील रस मोठ्या स्फोटानें बाहेर पडला म्हणजे पोकळीवरचें छप्पर असेंच खालीं बसतें आणि डोंगराच्या जागीं एक अफाट कढई तयार होते. तेंग्गेरमधील सर्वांत अलीकडची कढई नऊदहा किलोमीटर रुंद आहे. तिचा तळ राखाडी वाळूनें व राखेनें भरलेला असून त्या तळावर गेल्या कांहीं हजार वर्षांत लहान लहान शंकु पुन्हां उगवले आहेत. त्यांतील धाकटा आणि आजहि जागा असलेला तो ब्रोमो. त्याची उंची अवघी २३२९ मीटर. ज्या कड्यावरून त्याला पाहावयाचें त्या पनंजाकानची उंची २७७० मीटर. म्हणजे येथें यात्रेकरू वर असतो आणि देव खालीं.

'देव' हा शब्द मीं सहज वापरला नाहीं. ब्रोमो हें ब्रह्मा या नांवाचें जावानी रूप आहे. त्याच्या मागें, दक्षिणेस, जावांतील सर्वांत उंच शिखर उभें आहे. ३६७६ मीटर उंचीच्या त्या पर्वताचें नांव सेमेरू, म्हणजे आपला सुमेरू. जुन्या जावानी भाषेंत 'तंतु पंगेलारान' नांवाचा एक ग्रंथ आहे. त्यांत अशी कथा आहे कीं, आरंभीं जावा बेट समुद्रावर सारखें हेलकावे खात होतें. म्हणून देवांनीं जंबुद्वीपांतील महामेरू उचलून तेथें आणला आणि वजन म्हणून त्या बेटावर ठेवला. वाटेंत त्याचे जे तुकडे गळाले त्यांचे जावांतील इतर पर्वत झाले. आपल्याकडे द्रोणागिरीचे तुकडे गांवोगांवच्या टेकड्यांना चिकटवण्याची जी हौस आहे ती कांहीं आपलीच मिरास नाहीं, हें वाचून मला बरें वाटलें. ब्रोमोशेजारच्या एका डोंगराचें नांव विदोदारेन. विदोदारी म्हणजे विद्याधरी, स्वर्गांतील अप्सरा. आणि कढईच्या तळावरील त्या वाळूच्या मैदानाला जावानी भाषेंत 'सेगारा वेदी' म्हणतात. वेदी म्हणजे वाळू. 'सेगारा' हा शब्द मीं तुम्हांला उलगडून सांगावयास नको.

आतां गाडी. या वाळूच्या सागरांत बाहेरच्या खासगी मोटारींना मज्जाव आहे. उत्तर, पश्चिम व पूर्व अशा निरनिराळ्या बाजूंनीं चार जिल्ह्यांतून येथें येण्याच्या वाटा आहेत, पण कोणत्याहि वाटेनें आलां तरी कड्यापाशीं आपली मोटार सोडून स्थानिक जीपगाडींत बसावें लागतें. या बहुतेक गाड्या टोयोटा लँड क्रूझरच्या ४० क्रमांकाच्या मालिकेंतल्या. ती मालिका जपानांत १९६० ते १९८४ पर्यंत तयार होत असे. म्हणजे त्यांतील तरुणांत तरुण गाडीनेंहि चाळिशी ओलांडलेली आहे. लाल, पिवळ्या, निळ्या अशा भडक रंगांनीं त्या रंगवलेल्या असतात. पुढें सारथी आणि एक प्रवासी, मागें चारपांच माणसें गुडघ्याला गुडघा लावून. नव्या, मऊ गाद्यांच्या मोटारी सोडून हे लोक या म्हाताऱ्या गाड्यांना कां कवटाळून बसले आहेत, असें मला प्रथम वाटलें. सक्तीची ही जीप म्हणजे परक्या माणसाचा खिसा हलका करण्याची युक्ति, असाहि संशय आला. तो अर्ध्या तासांतच फिटला.

चेमोरो लावांग कढईच्या ऐन कांठावर वसलें आहे. तेथून वाट एकदम खालीं उतरते, आणि ती इतकी तीव्र व वळणदार आहे कीं साधी मोटार नुसत्या ब्रेकच्या भरंवशावर उतरूं लागली तर ब्रेक तापून निकामी व्हावयाचे. जीपमध्यें दुसरी एक गिअरपेटी असते. तिनें इंजिनाची शक्ति चारहि चाकांना पोंचते आणि हवें तेव्हां गति अगदीं मंद, पण जोर मोठा, असें करतां येतें. उतारावर तेंच इंजिन गाडीला मागें ओढून धरतें. खालीं वाळूंत पोंचल्यावर संकट उलटें होतें. दोनच चाकें फिरत असलीं तर तीं जागच्या जागीं फिरून आपलीच कबर खणतात. चारहि चाकें फिरत असलीं तर भार वांटला जातो. तरीहि एकाएकीं थांबणें, एकाएकीं वेग वाढवणें किंवा सुकाणूचक्राला हिसडा देणें वर्ज्य. शिवाय या गाड्यांत नाजूक विद्युत्-यंत्रणा जवळजवळ नाहीं. कांहीं बिघडलें तर पान्हा आणि हातोडी एवढ्या सामग्रीवर जागच्या जागीं दुरुस्ती होते. बारीक राख सर्वत्र शिरते अशा ठिकाणीं साधेंपणा हाच मोठा गुण ठरतो.

आमचा सारथी पन्नाशींतला, बुटका, अबोल गृहस्थ होता. खांद्याभोंवतीं त्यानें लुंगीचें जाड वस्त्र गुंडाळलें होतें. तेंग्गेरी माणसाची ती ओळखच. तेथें वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' म्हणतात, म्हणून आम्हीहि त्याला पाकच म्हणत होतों. त्याचें इंग्रजी आमच्या इंडोनेशियनइतकेंच, पण सुरवातीलाच ताईकडे व माझ्याकडे बोट दाखवून त्यानें "सौदारा?" असें विचारलें, आणि ताई एकदम म्हणाली, "अरे, सोदर! भाऊबहीण का, असें विचारतो आहे." तेथपासून आमचें संभाषण अशाच ओळखीच्या शब्दांच्या दगडांवर पाय देत देत नदी ओलांडल्यासारखें चाललें. भूमीला तो 'बूमी' म्हणे, गुरूला गुरूच म्हणे. नवऱ्याला तेथें 'सुआमी' म्हणतात हें ऐकून ताईला बराच वेळ हसूं आवरेना.

वाळूच्या त्या सागरांत रात्रीं कांहींहि दिसत नव्हतें. दिव्यांच्या उजेडांत चारसहा हात राखाडी जमीन, तीवर उडणारी धूळ, पुढें एखाद्या गाडीचा तांबडा ठिपका. वाट अशी नाहींच. मीं पाकला खुणेनें विचारलें, कळतें कसें? त्यानें डाव्या बाजूला मान वळवली. तिकडे आकाशांतील ताऱ्यांचा एक मोठा तुकडा कोणी कापून काढल्यासारखा काळा होता. तो बातोक पर्वत. ज्या बाजूला तारे नाहींत तिकडे बातोक. तो डावीकडे ठेवला म्हणजे पश्चिमेची भिंत समोर येते. धुकें असेल तेव्हां ही खूणहि चालत नाहीं. मग चाकाखालीं वाळू मऊ लागते कीं घट्ट, चढ आहे कीं उतार, एवढ्यावरच सारी मदार. पावसाळ्यांत ओली वाळू घट्ट असते, उन्हाळ्यांत ती पिठासारखी होते, हेंहि त्याच्याकडूनच कळलें.

पश्चिमेच्या भिंतीवर आम्ही चढूं लागलों आणि पाऊण वाटेवर सारी यात्रा ठप्प झाली. पुढें गाड्यांची रांग, मागें गाड्यांची रांग. सुटीचा आठवडा होता. पनंजाकानवर शेंकडों गाड्या येऊन पोंचल्या होत्या. तेवढ्यांतून दुचाकीवाले खिडकीशीं येऊन, बसा, वर पोंचवतों, म्हणून घाई करूं लागले. पायीं गेल्यास अर्ध्या तासाची चढण, आणि ताईचा गुडघा हा आमच्या घरांतील एक मानाचा सदस्य आहे. ज्या गृहस्थानें आमची ही सहल ठरवून दिली होती त्यानें 'सर्वांत उंच जागा, हमखास' असें वचन दिलें होतें. तें आठवून मी पाकवर थोडा चिडलोंहि. तो शांतपणें खालीं उतरला, वर पाहिलें, घड्याळ पाहिलें, आणि तोडक्यामोडक्या शब्दांत म्हणाला, "वर गर्दी. तुम्ही पाहाल माणसांचीं डोकीं. येथें थांबा." त्यानें गाडी फिरवली आणि थोडें खालीं, ज्याला तेथें 'प्रेमाची टेकडी' म्हणतात त्या जागीं आणून उभी केली. पायऱ्या नाहींत, फार माणसें नाहींत. एका म्हाताऱ्या बाईच्या टपरींत कोळशावर मक्याचीं कणसें भाजत होतीं. मला फसवल्यासारखें वाटत होतें.

साडेचाराच्या सुमारास पूर्वेस एक फिकट रेघ उमटली. येथें एक गोष्ट अगोदर सांगून ठेवतों, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. सूर्योदय पाहावयाचा म्हणून सर्वजण पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात; पण या कड्यावरून ब्रोमो दक्षिणेस आहे. सूर्य डाव्या हाताला उगवतो, आणि जून ते ऑगस्ट या महिन्यांत तर तो थोडा उत्तरेकडे, म्हणजे काहींसा पाठीशींच असतो. तेव्हां पाहावयाचें तें सूर्याला नव्हे, सूर्य ज्याला स्पर्श करतो त्याला. पाकनें ताईला खांद्याला धरून हळूच दक्षिणेकडे वळवलें, तेव्हां हें आमच्या ध्यानांत आलें.

प्रथम खालीं कांहींच नव्हतें. पांढरें, निश्चल धुकें, कढईच्या कांठापर्यंत भरलेलें. याचें कारण मोठें मौजेचें आहे. उंचीवर थंडी अधिक, हा सामान्य नियम; दर हजार मीटरला सुमारें सहा अंश उष्णता कमी होते. परंतु निरभ्र व निवांत रात्रीं डोंगराचे उतार आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतात, त्यांना चिकटलेली हवा गार व जड होते, आणि पाण्यासारखी ओघळत तळाशीं जाऊन सांठते. म्हणून पहाटे कढईचा तळ तिच्या कांठापेक्षांहि थंड असूं शकतो. जुलै-ऑगस्टमध्यें विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनहि तळावरच्या गवतावर हिम पडतें. त्या थंड हवेंतील बाष्प निवून जें धुकें होतें त्यावर वरची उबदार हवा झांकणासारखी बसते, म्हणून तें वर उठत नाहीं. ऊन तापलें कीं तळची हवा उठते, झांकण मोडतें आणि धुकें फाटतें. पुढें दोनतीन तासांनीं शिखरांवर ढग जमूं लागतात. ब्रोमो पाहण्यास पहाटेच जावें लागतें तें याकरितां. त्यांत कवींचा कांहीं हात नाहीं.

साडेपांचाच्या आसपास, अजून आमच्या पायांशीं काळोख असतां, दूर दक्षिणेस धुक्याच्या वर एक त्रिकोण एकाएकीं तांबूस झाला. तो सेमेरू, आमच्यापासून सुमारें बावीस किलोमीटरांवर. तो सर्वांत उंच, म्हणून सूर्य त्याला सर्वांत आधीं दिसतो. आम्ही पाहत असतांनाच त्याच्या माथ्यावरून धुराचा एक गोळा निघाला, आवाज न करतां वर चढला, आणि त्याच्याहि कडेला तोच रंग लागला. मग ऊन खालीं उतरूं लागलें. आमच्या समोरचा बातोक, ज्याच्या अंगावर पावसाच्या पाण्यानें माथ्यापासून पायथ्यापर्यंत नऊवारीच्या निऱ्यांसारख्या घळ्या पाडल्या आहेत, त्याच्या एकेका निरीची एक बाजू उजळली आणि दुसरी काळी राहिली. त्याच्या डाव्या अंगाला, बुटका, रुंद तोंडाचा, वरून तासून टाकल्यासारखा ब्रोमो होता, आणि त्याच्या तोंडांतून पांढरी वाफ संथपणें निघत होती. सारें मिळून पंधरावीस मिनिटें. वरच्या गच्चीवरून टाळ्यांचा व आरोळ्यांचा आवाज आला. आमच्या टेकडीवर कणीस भाजणारी बाई सोडून बहुतेक सगळे गप्प होते.

ताईनें हात जोडले. तिचें पाहून पाकनेंहि जोडले, आणि मग कांहीं विचार करून तो म्हणाला, "आमचा पण." तो हिंदु होता.

तेंग्गेरी लोक हे जावांतील हिंदु. मजपहितचें मोठें हिंदु-बौद्ध राज्य पंधराव्या शतकाच्या अखेरीस ढासळलें आणि हळूहळू जावा इस्लामी झाली, तेव्हां या डोंगरांत जुना धर्म राहून गेला. त्यांची कथा अशी. रोरो आंतेंग व जोको सेगेर या दांपत्याला मूल होईना, म्हणून त्यांनीं ब्रोमोची आराधना केली. देवानें पंचवीस मुलें दिलीं, पण धाकटें मूल परत द्यावें, अशी अट घातली. वेळ आली तेव्हां आईबापांनीं मुलांना घेऊन पळ काढला. पर्वत खवळला आणि त्यानें धाकट्या कुसुमाला ओढून नेलें. आंतून त्याचा आवाज आला कीं, तुम्ही सर्व सुखानें नांदा, फक्त दरवर्षीं कसादा महिन्यांत चतुर्दशीला येथें अन्न अर्पण करीत जा. आंतेंगचें 'तेंग' आणि सेगेरचें 'गेर' मिळून तेंग्गेर. कसादा हें आपल्या आषाढाचेंच जावानी रूप आहे. त्या रात्रीं हजारों लोक वाळूचा सागर ओलांडून बटाटे, कोबी, फळें, कोंबड्या, नाणीं घेऊन कड्यावर चढतात आणि तें सारें विवरांत टाकतात. आंतल्या उतारावर जाळीं घेऊन उभीं राहिलेलीं दुसरीं माणसें तें झेलतात, आणि त्यांत कोणाला अधर्म वाटत नाहीं. त्याच प्रसंगीं नव्या पुजाऱ्यांची परीक्षा होते: मंत्र न अडखळतां म्हणून दाखवावे लागतात.

ऊन वर आल्यावर आम्ही खालीं वाळूंत उतरलों. दिवसा त्या सागराचें रूप कळलें. राखाडी, लाटालाटांचें, वाऱ्यानें सुळसुळणारें मैदान. मध्यें पोतेन नांवाचें काळ्या दगडाचें देऊळ. आणि पुढें ब्रोमोच्या अंगावर सुमारें अडीचशें पायऱ्या. पायथ्यापर्यंत घोडेवाले नेतात. ताई घोड्यावर बसून गेली आणि पायऱ्यांच्या तळाशीं थांबली. मी वर गेलों. कांठाची वाट अरुंद आहे, गंधकाचा दर्प घशांत बसतो, आणि पायाखालीं सहाआठशें मीटर रुंदीचें एक विवर अचानक उघडतें, ज्याच्या तळाशीं सतत घोंघावल्यासारखा आवाज चालूं असतो. कांठावर गणपतीची एक मूर्ति बसलेली आहे. ती अमुक शें वर्षांची म्हणून जे आकडे सांगतात त्या भानगडींत मी पडत नाहीं. परंतु विवराच्या तोंडाशीं, फुलें आणि उदबत्त्यांमध्यें, पाठीमागें वाफ सोडणारा पर्वत घेऊन बसलेला गजानन पाहून माझी जी अवस्था झाली ती तुम्ही समजूं शकाल.

पाकनें मला वर जातांना दहा मिनिटें असें बोटांनीं बजावलें होतें. त्याचें कारण खालीं आल्यावर कळलें. ब्रोमोचे कांहीं स्फोट केवळ वाफेचे असतात. खालच्या उष्णतेनें भिजलेल्या खडकांतील पाण्याची एकाएकीं वाफ होते आणि दगड उडतात. अशा स्फोटाची पूर्वसूचना मिळतेच असें नाहीं. जून २००४ मध्यें असाच अकस्मात् स्फोट झाला आणि दोन माणसें मृत्युमुखीं पडलीं. नोव्हेंबर २०१० मध्यें पर्वत जागा झाला तो पुढें कित्येक महिने राख ओकत राहिला. कढईभोंवतींच्या शेतांतील बटाटे आणि कोबी तिच्याखालीं गेलीं. सेमेरू तर आणखी भयंकर. ४ डिसेंबर २०२१ रोजीं त्याच्या माथ्यावरील सांठा कोसळून तप्त राखेचे लोट दऱ्यांतून धांवले आणि पन्नासाहून अधिक माणसें दगावलीं. ज्या धुराच्या गोळ्याला आम्ही पहाटे सुंदर म्हटलें तो त्याच तोंडांतून निघाला होता. इंडोनेशियाचें ज्वालामुखी-खातें प्रत्येक पर्वताची अवस्था चार पायऱ्यांनीं जाहीर करतें, आणि ब्रोमो पुष्कळदां दुसऱ्या, म्हणजे 'सावध' या पायरीवर असतो. अशा वेळीं विवरापासून एक किलोमीटर दूर राहण्याची सूचना असते. जाण्यापूर्वीं ही पायरी विचारून घ्यावी, आणि सारथी नको म्हणाला तर पैसे भरले आहेत या सबबीवर हट्ट धरूं नये. त्याला उद्यांहि येथेंच यावयाचें असतें.

त्या पर्वताला आपल्यापासूनहि धोका आहेच. वाळूचा सागर १९१९ पासून संरक्षित आहे आणि १९८२ मध्यें सारा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. तरी ६ सप्टेंबर २०२३ रोजीं लग्नापूर्वींचीं छायाचित्रें काढणाऱ्या एका मंडळीनें शोभेचे पेटते धूरकांडे ब्रोमोमागच्या वाळलेल्या कुरणांत पेटवले, आणि शेंकडों हेक्टर कुरण व झुडुपें जळालीं. आमच्यासारख्यांच्या गाड्याहि निर्दोष नाहींत. चाक वाट सोडून गेलें कीं वाळू धरून ठेवणारें गवत चिरडतें आणि उघडी झालेली वाळू वाऱ्याबरोबर गांवांत येते. मीं पाकला विचारलें कीं, या गाड्या नसत्या तर बरें झालें असतें का? तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें सांगितलें तें असें: बापानें बटाट्याची जमीन विकूं नये म्हणून त्यानें गाडी घेतली, गाडीच्या पैशांतून दोन मुलें शिकलीं, आणि कपितु महिना येतो तेव्हां तो स्वतःच गाडी घरीं ठेवतो. कपितु हा तेंग्गेरी पंचांगांतील सातवा, व्रताचा महिना. त्या महिन्यांतील ठरलेल्या दिवशीं वाळूच्या सागरांत मोटारींना बंदी असते. ज्याला जावयाचें त्यानें पायीं किंवा घोड्यावर जावें. "त्या दिवशीं आवाज नाहीं," असें म्हणून त्यानें कानाला हात लावला. त्या बंदीनें त्याचें उत्पन्न बुडतें, याविषयीं मात्र तो कांहीं बोलला नाहीं.

तुमच्यापैकीं कोणी जाणार असेल तर एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ निवडावा, कसादाचे व बंदीचे दिवस आधीं विचारून घ्यावे, प्रवेशपत्र अगोदर काढावें, आणि नाकातोंडावर बांधण्यास मऊ कापड न्यावें. थंडीचे कपडे मुंबईच्या कल्पनेनें नेऊं नयेत. आणि सर्वांत उंच जागेसाठीं अडून बसूं नये.

साडेनवाच्या सुमारास आम्ही परत चेमोरो लावांगला पोंचलों. ताई पाकला कांहीं बक्षिसी देऊं लागली, ती त्यानें दोन्ही हातांनीं घेतली, कपाळाला लावली आणि खिशांत टाकली. मग त्यानें गाडीचें झांकण उघडून आंत पाणी ओतलें, एका फडक्यानें कांचेवरची राख पुसली, आणि मागच्या बांकाखालून एक कुदळ काढून खांद्यावर टाकली. समोरच्या उभ्या उतारावर, पायहि ठरूं नये अशा जागीं, कांद्याच्या पातीचे हिरवे वाफे होते. तिकडे बोट दाखवून त्यानें आमचा निरोप घेतला; पाणी सोडावयास त्याला आधींच उशीर झाला होता.